दोन नंबरच्या लाइफबोटीचं बूच

मी कॅमेरामन होतो असं कळलं, की कोल्हापुरात पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘‘कुठल्या हिरोइनीला जवळनं बघितलंसा?’’ परवा न्हाव्यानंही तोच विचारला, आणि तोही वस्तरा गळ्याशी असताना, म्हणजे खोटं बोलायची सोय नाही. मी म्हटलं, बाबा रे, मी निम्मी नोकरी धरणं, खतं, देवीची लस आणि उसावरचा रोग यांचे माहितीपट काढण्यात घालवली. जवळून बघितली ती उसावरची कीड. त्याचा चेहरा पडला. या अंकाच्या संपादकांचाही पडला असावा, पण त्यांनी सावरून घेऊन विचारलं, ‘‘लढाईच्या वेळी तुम्ही जहाजावर गेला होतात ना? त्यावर लिहा की.’’

गेलो होतो. त्याबद्दल चारचौघांत फारसं बोलत नाही, कारण बोलायला लागलो की माझं डोकं फिरतं, आणि डॉक्टरांनी मला डोकं फिरवून घ्यायला मनाई केली आहे. आता लिहायला बसलोच आहे तर एकदाच काय ते फिरू दे.

आधी धंदा थोडा समजावून सांगतो. लोकांना वाटतं, माहितीपट म्हणजे समोर घडतंय ते कॅमेऱ्यानं टिपायचं. तसं असतं तर मी सुखी माणूस असतो. घटना घडते तेव्हा कॅमेऱ्यात फिल्म नसते. फिल्म असते तेव्हा ऊन नसतं. दोन्ही असतं तेव्हा मध्ये कुणाची तरी पाठ असते. म्हणून घडून गेलेलं आम्ही पुन्हा करून घ्यायचो. पुढाऱ्यांनी नारळ दुसऱ्यांदा फोडायचा, तिसऱ्यांदाही तितक्याच उत्साहानं फोडायचा, आणि शेतकऱ्यानं कालच पेरलेल्या रानात आज मोकळी मूठ फिरवायची. यात फसवणूक आहे असं आम्हाला वाटत नसे. झालेलंच दाखवतोय, फक्त उजेडात दाखवतोय, असं आम्ही म्हणायचो.

मी कॅमेरा शिकलो कोल्हापुरातल्या स्टुडिओत. तिथला एक कायदा होता. शॉटमध्ये आलेली वस्तू मालकाची राहत नाही, सिनेमाची होते. सीन पुरा होईपर्यंत ती प्रॉपर्टीच्या पेटीत राहायची. उद्या तोच सीन पुढं चालू करायचा तर तीच छत्री, तोच पेला हवा. नाहीतर पडद्यावर माणूस काळी छत्री घेऊन दारातून आत येतो, खुर्चीवर बसतो तेव्हा छत्री निळी झालेली असते, आणि थिएटरात शिट्ट्या वाजतात. एकदा आजोबांच्या भूमिकेसाठी आमच्या स्टुडिओतल्या कारकुनाचा चष्मा मागून घेतला. सीन लांबला. तो बिचारा कितीतरी दिवस कागद नाकाला लावून बसायचा. मागायला आला की प्रॉपर्टीवाला पेटीवर हात ठेवून म्हणायचा, ‘‘सीन संपू दे की! चष्मा पळून चाललाय व्हय?’’ आम्ही सगळे खो खो हसायचो. ज्याची वस्तू त्याला आधी परत द्यावी असं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच येत नसे.

एकाहत्तरची लढाई सुरू झाली तेव्हा मी मुंबईत माहितीपट काढणाऱ्या एका संस्थेत होतो. सगळे कॅमेरे सैनिकांकडं आणि विमानांकडं धावले होते. आमचे दिग्दर्शक सरदेसाई यांनी वेगळंच काढलं. त्यांचं म्हणणं, मालवाहू जहाजांवरच्या खलाशांकडं कुणाचं लक्ष नाही. त्यांना बंदूक नाही, गणवेश नाही, पाणबुडी मागं लागली तर पळायला वेग नाही, तरी ते धान्य आणि तेल घेऊन निघतातच. त्यांच्यावर फिल्म झाली पाहिजे. सरदेसाईही माझ्यासारखेच स्टुडिओत घासून निघालेले. उंच, कानांवर केस, खांद्याला कायम खादीची झोळी. माझ्याशी बोलताना ते माझ्याकडं न बघता माझ्या मागच्या उजेडाकडं बघायचे. मला ते फारसे आवडत नसत, हे आताच सांगून टाकतो.

परवानगी दोघांनाच मिळाली. सरदेसाई आणि मी. जहाजाचं नाव सांगत नाही. तेव्हा सांगायची बंदी होती आणि जिभेची ती सवय अजून गेलेली नाही. पोटात गहू, डेकवर तेलाची पिंपं, आणि जायचं मुंबईहून दक्षिणेकडं. कॅप्टन मुकादम रत्नागिरीकडचे, कमी बोलणारे. आम्ही चढल्या चढल्या त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. ‘‘माझ्या माणसांच्या कामात यायचं नाही. अंधार पडल्यावर काडी ओढायची नाही. आणि भोंगा वाजला की तुम्ही प्रवासी, सिनेमावाले नाही.’’

मी तोवर पाणी पाहिलं होतं ते रंकाळ्याचं आणि पुरातल्या पंचगंगेचं. दोन्हींना पलीकडचा काठ असतो. इथं किनारा दिसेनासा झाला तो झालाच. जहाजावर कुणी भीतीचं नाव काढत नव्हतं, पण जेवतानासुद्धा प्रत्येकाची नजर ताटावरून पाण्याकडं जायची. एकदा उजव्या अंगाला काहीतरी काळं, गोल, खालीवर होताना दिसलं. डेकवरची सगळी माणसं होती तिथं थांबली. कुणी ओरडलं नाही की पळालं नाही, आणि पळणार तरी कुठं? ते जवळ आलं तेव्हा कोळ्यांच्या जाळ्यावर तरंगायला बांधलेलं रिकामं पिंप निघालं. मग सगळे एकदम मोठ्यानं बोलायला लागले. मी कॅमेऱ्याला चावी द्यायला गेलो तर हाताला इतका घाम होता की चावी निसटून बोटांवर बसली, आणि माझ्या तोंडून कोल्हापुरी माणसाच्या तोंडून निघायचं ते निघालं.

‘‘पावणं, कोल्लापूरचं न्हवं तुमी?’’ मागून आवाज आला.

रुंद छातीचा, चाळिशीचा एक खलाशी हसत उभा होता. माझ्या शिवीवरून त्यानं माझा जिल्हा ओळखला होता.

‘‘म्या चंदगडचा. लक्षुमण गावडे. ह्या पान्यात आपल्याकडची शिवी ऐकाया मिळंल आसं वाटलं नव्हतं बगा.’’

गावडे पोरवयात गोव्याला बंदरावर मजुरीला गेले, तिथून जहाजावर चढले, आणि आता सुकाणू धरण्यापर्यंत पोचले होते. हे खलाशी आपल्या नोकरीच्या पुस्तिकेला ‘नळी’ म्हणतात, पूर्वी ती पत्र्याच्या नळीत जपून ठेवत म्हणून. प्रत्येक सफरीनंतर कॅप्टन तिच्यात शेरा लिहितो. एक वाईट शेरा पडला की पुढचं जहाज मिळत नाही. गावड्यांची नळी स्वच्छ होती आणि त्याचा त्यांना अभिमान होता. दुःख एकच होतं, की गावात त्यांच्यावर कुणाचा विश्वास नव्हता.

‘‘मेव्हना हाय माजा, तुका. लई शाना. म्हंतोय, दाजी, तुमी ग्वाव्यात हाटेलात भांडी घासतासा आनि हितं येऊन आमाला समुद्राच्या गोष्टी सांगतासा. सगळं गाव हसतंय त्येच्या संगट. ह्यो शिनेमा कोल्लापुरात लागंल न्हवं?’’

‘‘लागेल की.’’

‘‘मग धा येळा सांगा, धा येळा करतो. त्येला एकदा त्येच्या डोळ्यानं बगू दे मी काय काम करतोय त्ये.’’

त्यामुळं सरदेसायांना हवा तसा माणूस आयताच मिळाला. कॅमेऱ्यासमोर गावडे कधी कंटाळले नाहीत.

लाइफबोट जहाजाच्या कठड्याशी उंच टांगलेली असते. तिच्यात पावसाचं आणि लाटांचं पाणी साठू नये म्हणून तळाला एक भोक ठेवतात, साधारण नारळाच्या करवंटीच्या निम्म्यानं. एरवी ते उघडं असतं. लाइफबोट खाली सोडायची वेळ आली की आधी त्यात लाकडी बूच ठोकायचं. बूच तिथंच साखळीला बांधलेलं असतं. भोंगा वाजला की कुणी कुठं पळायचं आणि काय करायचं हे प्रत्येक खलाशाला नेमून दिलेलं होतं. दोन नंबरच्या लाइफबोटीचं बूच हे गावड्यांचं काम. जोडीला आणखी एक बूच असायला हवं होतं, पण जहाज जुनं होतं आणि ते कधीच कुठंतरी गेलं होतं.

हे ऐकल्यावर सरदेसायांनी माझा दंड धरला. ‘‘मगदूम, हाच आपला शॉट! एवढंसं लाकूड, आणि त्यावर सगळ्यांचा जीव.’’

कॅप्टननं लाइफबोट डेकच्या पातळीपर्यंत आणायला परवानगी दिली, त्याखाली वीतभरही नाही. दुपारी काम सुरू केलं. भोंगा वाजल्याचं सोंग, माणसं धावली, गावड्यांनी आत उडी टाकून बूच ठोकलं. फक्कड झालं, आणि नेमका ढग आला. पुन्हा. या वेळी साखळी बुचाच्या पुढं आली. पुन्हा बूच काढलं.

गावडे म्हणाले, ‘‘सायब, बूच लावलं की लावलं. काढून काढून कशाला लावायचं? ह्यो काय खेळ हाय?’’ पण हसत म्हणाले, आणि पुन्हा उडी मारायला वर जाऊन उभे राहिले.

सरदेसायांना शेवटी हवा होता तो अगदी जवळून हात. लाइफबोटीच्या तळाशी सावली होती, तिथं माझी फिल्म काळी पडली असती. मग आम्ही सिनेमातली नेहमीची युक्ती केली. जहाजाच्या सुताराकडून भोक पाडलेली एक फळी आणली, ती डेकवर भर उन्हात ठेवली, बुचाची साखळी सोडवली, आणि गावड्यांना म्हटलं, समजा हाच लाइफबोटीचा तळ. कॅमेरा मी हातभर अंतरावर नेला. असा हात मी पुन्हा कधी शूट केला नाही. रुंद नखं, डांबरानं काळी झालेली कातडी, दोरांचे जुने वण. पाची बोटं पसरून त्यांनी बूच भोकात बसवलं, अंगठ्यानं दाबलं आणि वरून मूठ मारली. सरदेसाई फळीशी वाकले. मग म्हणाले, ‘‘उद्या याच उन्हात अजून एकदा घेऊ.’’

तेवढ्यात गावड्यांना सुकाणूवर बोलावणं आलं. हातातलं बूच सरदेसायांच्या हातात देऊन ते धावत गेले. मी पाठ वळवून बसलो होतो, बाह्यांच्या काळ्या पिशवीत दोन्ही हात कोपरापर्यंत खुपसून फिल्म बदलत. उजेडाचा कण लागला तर दिवसाचं काम जळायचं, म्हणून त्या वेळी मी कुणाकडं बघत नसे. इकडं सरदेसायांनी बूच झोळीत टाकलं. सीन संपला नव्हता ना! स्टुडिओत वाढलेल्या माणसाचा हात आपोआप तेच करणार. मी ते पाहिलं नाही, आणि पाहिलं असतं तरी मला खटकलं नसतं.

दुसऱ्या दिवशी उरलेला शॉट घ्यायला आम्ही डेकवर आलो, ऊन कालच्यासारखंच होतं, आणि भोंगा वाजला. या वेळी सोंग नव्हतं.

समोर लांबवर एक मचवा उलटा होऊन पडला होता आणि त्याच्या पाठीवर माणसं चिकटलेली दिसत होती. कशानं उलटला ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. कॅप्टन मुकादम दुर्बीण लावून उभे होते. वाटेत कशासाठीही थांबू नये असा त्यांना हुकूम होता. थांबलेलं जहाज म्हणजे पाणबुडीला दिलेलं आमंत्रण. शेजारचा अधिकारी तेच म्हणत होता, साहेब, हा सापळाही असू शकतो. कॅप्टननं दुर्बीण खाली घेतली.

‘‘माणसं आहेत ती. दोन नंबर सोडा. इंजिन अगदी मंद करतो. लवकर या म्हणावं, माझ्याकडं वेळ नाही.’’

मी प्रवासी होतो, सिनेमावाला नव्हतो. पण हात कॅमेऱ्याकडं गेलेच. लांबची लेन्स लावली, चावी दिली आणि कठड्याला टेकून डोळा लावला. आमचा कॅमेरा चावीचा, एका चावीत अर्धं मिनिट चालायचा. लेन्समधून बघताना आजूबाजूचं जग नाहीसं होतं, चौकटीत असतं तेवढंच उरतं. माझ्या चौकटीत लाइफबोट खाली चालली होती, वल्हवणारे दाटीनं बसले होते, आणि गावडे तळाशी वाकले होते. त्यांचा हात साखळीच्या जागेवर गेला. पुन्हा गेला. मग डावीकडं, मग फळीखाली. आदल्या दिवशी तोच हात मी दुपारभर बघितला होता. तेव्हा त्याला काही शोधावं लागलं नव्हतं.

‘‘बूच न्हाय!’’ मी ओरडलो. ‘‘थांबवा! बूच न्हाय!’’

शेजारी सरदेसाई उभे होते. त्यांचा हात आपोआप खांद्याकडं गेला. झोळी खाली खोलीत होती. ते जिन्याकडं धावले. माझा आवाज वाऱ्यानं आणि यंत्रानं खाऊन टाकला. खाली लाइफबोट पाण्याला टेकली, आकडे सुटले, वल्ही पडली. सरदेसाई बूच घेऊन परत आले तोवर ती बरीच पुढं गेली होती. बूच धरलेला हात कठड्याबाहेर लांब करून ते तसेच उभे राहिले.

लाइफबोट परत फिरेल असं मला वाटलं. तिच्यातल्या अधिकाऱ्यानं मागं वळून पाहिलंही. गावडे त्याला काहीतरी म्हणाले. काय म्हणाले ते मला त्यानंच नंतर सांगितलं. ‘‘चला तुमी. म्या हाय हितं.’’ त्यांनी खांद्यावरचा पंचा भोकात कोंबला. पाण्यानं तो वर उडवला. मग पंचा हाताला गुंडाळून बोटंच भोकात घातली आणि त्या हातावर सगळं अंग टाकून ते तळाशी बसून राहिले. कोपरापर्यंत पाणी आलं होतं. एकजण बादलीनं उपसत होता, बाकीचे वल्हवत होते.

मी शूट करत राहिलो. चावी संपली की फिरवायची, पुन्हा डोळा लावायचा. दुसरं काही करण्यासारखं माझ्या हातात नव्हतं, आणि असतं तर केलं असतं की नाही हे मला आजही सांगता येत नाही. जहाजावरची बाकी माणसं लाइफबोटीकडं बघतच नव्हती. ती सगळी दुसऱ्या अंगाला पाण्यावर डोळे लावून उभी होती, कुठं काही वर येतंय का ते बघत. इंजिनचा आवाज इतका कमी झाला होता की शेजारच्याचा श्वास ऐकू येत होता.

लाइफबोट मचव्याजवळ पोचली. मोडलेली डोलकाठी दोरांत अडकून पाण्याखाली तरंगत होती. लाटेनं लाइफबोट वर उचलली आणि त्या डोलकाठीवर आदळली. माझ्या चौकटीत गावड्यांचं सगळं अंग उडालं. तोंड उघडलं. त्यांनी दुसऱ्या हातानं आपलाच दंड घट्ट धरला, पण हात वर काढला नाही. मला वाटलं, हाताला हिसका बसला असेल. मचव्यावरच्या चारही माणसांना एकेक करून आत ओढलं. लाइफबोट परत आली तेव्हा कडेपर्यंत पाण्यात बुडालेली होती. आकडे लागले, ती पाण्यातून वर उचलली, गावड्यांनी आता कुठं हात काढला, आणि तळाच्या भोकातून पाण्याची धार लागली. ती लाल होती. तिथं माझी फिल्म संपली.

उजव्या हाताची मधली दोन बोटं चिरडली होती. भोकातून खाली आलेली तेवढी डोलकाठीनं घेतली. पुढं मुंबईच्या इस्पितळात ती मुळापासून काढावी लागली.

संध्याकाळच्या आत कॅप्टननं सगळ्यांना जेवणाच्या खोलीत बोलावलं. गावडे हाताला मोठं बँडेज बांधून बसले होते, ओठ पांढरे. पलीकडच्या खोलीत ते चार कोळी कांबळी पांघरून चहा पीत होते, त्यांच्या कपबशांचा आवाज इकडं ऐकू येत होता.

‘‘गावडे, बूच कुठं होतं?’’ कॅप्टननं विचारलं.

मी सरदेसायांकडं बघितलं. मोठमोठे दिग्दर्शक आपली चूक दिवे धरणाऱ्यावर ढकलताना मी पाहिले आहेत. ते बोलले नाहीत तर मीच बोलायचं असं ठरवून मी पुढं सरकलो. तेवढ्यात गावडेच बोलले.

‘‘सायब, बुचाचं काम माजं. काल सुकानूवरनं सुटल्यावर म्या बगाया पायजे हुतं. चूक माजी.’’

त्यांची ती स्वच्छ नळी माझ्या डोळ्यांपुढं आली. सरदेसाई टेबलापाशी आले आणि बूच टेबलावर ठेवलं.

‘‘हे माझ्या झोळीत होतं. यांना ते माहीतही नव्हतं. जे लिहायचं ते माझ्या नावावर लिहा.’’

त्या दिवसापासून सरदेसायांबद्दल मी कुणाला वाईट बोलू दिलेलं नाही. कॅप्टननं बूच हातात घेतलं.

‘‘तुमचं नाव लिहून याची बोटं परत येणार असती तर लिहिलं असतं,’’ ते म्हणाले. मग सुताराला हाक मारून बूच साखळीला बांधून यायला सांगितलं. गावड्यांच्या नळीत त्यांनी उत्तम शेरा लिहिला. दुसऱ्या अंगानं बघितलं तर तो शेरा कामाचा नव्हता, कारण तीन बोटांच्या हाताला समुद्रावर डॉक्टरी परवाना मिळत नाही. हे तिथं बसलेल्या सगळ्यांना कळत होतं, गावड्यांनाही.

मुंबईत इस्पितळात मी त्यांना भेटायला गेलो. हाताचं त्यांनी काही विचारलं नाही.

‘‘पावणं, समदं घेतलंसा न्हवं?’’

‘‘सगळं घेतलंय.’’

‘‘हात भोकात घातल्यालं दिसतंय?’’

फिल्म धुऊन आली होती. अंधाऱ्या खोलीत आम्ही ती पाहिली होती. माझ्या हयातीतलं सगळ्यात चांगलं काम होतं ते, आणि त्यातलं काहीही पुन्हा करून घेतलेलं नव्हतं.

‘‘दिसतंय. अगदी स्पष्ट दिसतंय,’’ मी म्हणालो.

‘‘मग झालं,’’ गावडे म्हणाले आणि डोळे मिटून पडले.

त्यानंतर माझं मुंबईत मन लागेना. मी कोल्हापुरात परतलो आणि शिरोलीच्या कारखान्यांचे माहितीपट, लग्नं, सत्कार असलं काम धरलं. फिल्म मुंबईतच जोडली जात होती. गावडे गावी काजू आणि भात बघत होते. मधे एकदा एसटीच्या कंडक्टरबरोबर त्यांचा निरोप आला. गावात म्हणतात, हॉटेलात दारू पिऊन सुरीवर हात पडला आणि बोटं गेली. शिनेमा कधी लागतोय? मीही उलट निरोप धाडला, लागेल, थोडं थांबा.

लागला. तेव्हा मुख्य चित्रपटाच्या आधी थिएटरात माहितीपट दाखवायचे. लोक त्या वेळात शेंगा घेऊन सावकाश आत यायचे. मी कळवल्याबरोबर गावडे दुपारच्या खेळाला मेव्हण्याला घेऊन हजर झाले. नवा सदरा, उजवा हात खिशात. मेव्हणा तुका म्हणजे भरघोस मिशांचा, मोठ्या आवाजाचा माणूस. खुर्चीवर बसल्या बसल्या त्यानं मला विचारलं, ‘‘पावणं, ह्येच्यात मारामारी हाय का नुसतंच पानी?’’

‘‘बघा तर खरं,’’ मी म्हटलं.

आमची फिल्म सुरू झाली. जहाज निघालं, लांबून पाठमोरी माणसं धावली, निवेदकाचा भारदस्त आवाज घुमू लागला. आणि मग पडदाभर हात. रुंद नखं, दोरांचे वण, डांबर. पाची बोटांनी बूच बसवलं, अंगठ्यानं दाबलं, वरून मूठ मारली. निवेदक म्हणाला, सदैव सावध असलेले हे आपले दर्यावर्दी. मी पुढच्या शॉटची वाट बघत बसलो. पुढच्या शॉटमध्ये जहाज बंदराला लागत होतं. पोती उतरत होती, बँड वाजत होता. संपलं.

मचवा नव्हता. लाइफबोट पाण्यात उतरलीच नव्हती.

का ते मला पुढं सरदेसायांनी भेटून सांगितलं. वरच्या मंडळींनी ते दृश्य पाहिलं आणि म्हणाले, लढाईच्या काळात आपल्या जहाजाच्या लाइफबोटीला बूच नाही हे दाखवायचं? सरदेसाई भांडले. चूक माझी होती हे निवेदनातच सांगतो, असंही म्हणाले. कुणी ऐकलं नाही. कापलेला तुकडा मागितला तर तोही मिळाला नाही. पुढं अनेक वर्षं मी विचारत राहिलो, मला तो कुठंच सापडला नाही. पण त्या दुपारी यातलं काही मला ठाऊक नव्हतं. मला एवढंच कळत होतं, की माझ्या शेजारी एक माणूस बसला आहे आणि मी त्याला शब्द दिला होता.

मुख्य चित्रपटाची नावं सुरू झाली. पडद्याचा उजेड आमच्या तोंडावर पडला होता. तुका शेंगा सोलत म्हणाला, ‘‘दाजी, तुमी कुठं दिसला न्हाईसा त्ये?’’

गावड्यांनी खिशातून हात काढला. इतका वेळ तो त्यांनी झाकून ठेवला होता.

‘‘बूच ठोकनारा हात बगितलास न्हवं मगाशी?’’ ते म्हणाले. ‘‘त्यो माजा.’’

तुकानं त्या हाताकडं बघितलं. मग पडद्याकडं बघितलं, मग पुन्हा हाताकडं. त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. त्याला खरंच वाईट वाटलं असावं, आपला दाजी एवढा खोटं बोलतोय याचं.

‘‘त्येला तर पाची बोटं हुती की, दाजी.’’

 गावड्यांनी तुकाच्या ओंजळीतल्या चार शेंगा उचलल्या.

‘‘तवा हुती की,’’ ते म्हणाले.